बाळाच्या उशाशी काय असावे?

शलमोन राजाच्या न्यायाची कथा आपणांपैकी बहुतेकांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच ऐकलेली असते. दोन स्त्रिया, एक जिवंत बालक, राजाने मागविलेली तलवार आणि बाळ वाचावे म्हणून त्याच्यावरचा हक्क सोडू पाहणारी खरी आई, एवढे चित्र मनावर ठसते व कायम राहते. या कथेत आणखी एक बालक आहे, याची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. राजाच्या दरबारी वाद जाण्यापूर्वी, आदल्या एका रात्री ते मरण पावलेले होते. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्या मृत्यूचे कारण अगदी थोडक्यात सांगितले आहे. झोपेत आई त्याच्या अंगावर पडली आणि ते गुदमरले. त्या आईने पुढे केलेल्या लबाडीबद्दल आपण तिला दोष देतो. परंतु त्या रात्री तिच्यावर कोसळलेल्या दुःखाचा विचार प्रवचनातही सहसा होत नाही.

तान्ह्या मुलाच्या झोपेचा इतिहास इतका जुना आहे. तो राजांच्या व लढायांच्या इतिहासासारखा लिहिला गेला नाही, कारण तो घराच्या आतल्या खोलीत, बाजेवर, पाळण्यात आणि झोळीत घडला. आज या विषयाकडे वळण्याचे कारण मात्र ताजे आहे. नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून सरकारी दप्तरी अहिल्यानगर) आपल्या धर्मग्रामांत स्नानसंस्काराच्या सोहळ्यांना अलीकडे ज्या भेटी येतात, त्यांत गुबगुबीत अस्वले, कापसाचे ससे, झालरीच्या उशा आणि पाळण्याच्या कडांना बांधावयाच्या मऊ गाद्या यांचीच गर्दी असते. हौसेने आणलेली ही वस्तू त्याच रात्री बाळाच्या उशाशी ठेवली जाते. बाळाने असे काही कवटाळून झोपणे चांगले की वाईट, असा प्रश्न तरुण आईबाप विचारतात आणि घरातील वडीलधारी मंडळी व डॉक्टर त्यांना निरनिराळी उत्तरे देतात. उत्तर तसे लहान आहे. पहिला वाढदिवस होईपर्यंत झोपेच्या जागी मऊ खेळणे नको, उशी नको आणि सैल पांघरूणही नको. त्यानंतर योग्य खेळण्यास हरकत नाही. परंतु हे उत्तर मानवजातीला कोणत्या वाटेने सापडले, हे ठाऊक असल्याखेरीज ते पटणे कठीण. त्या वाटेचा बराचसा भाग आपल्याच मुलखातून जातो.

प्रथम युरोपकडे पाहू, कारण तेथील ख्रिस्तसभेने या विषयात फार पूर्वीच लक्ष घातले होते. मध्ययुगात थंडीच्या दिवसांत सारे कुटुंब एकाच बिछान्यात झोपत असे आणि सकाळी तान्हे मूल मेलेले आढळे. असे प्रकार इतके होते की बिशपांनी वेदीवरून आईबापांना ताकीद द्यावी, तान्ह्या मुलास आपल्या बिछान्यात घेऊ नये असे सांगावे आणि अनवधानाने घडलेल्या मृत्यूबद्दलही प्रायश्चित्त लावावे, अशी पद्धत पडली. आजच्या दृष्टीने ही प्रायश्चित्ते कठोर वाटतात. शोकात बुडालेल्या आईवर आणखी भार कशाला, असे आमच्याही मनात येते. तथापि त्यामागे मुलाच्या जिवाची काळजी होती आणि काही मृत्यू अनवधानाने घडलेले नसावेत असा संशयही होता.

फ्लॉरेन्स शहराने या काळजीला लाकडाचा आकार दिला. तेथील निष्पापांचे अनाथालय १४४५ साली उघडले आणि तेथील टाकून दिलेली मुले खेड्यापाड्यांतील दायांकडे दूध पाजण्यासाठी धाडली जात. दाई दमून झोपी जाई आणि मूल तिच्या अंगाखाली सापडे. यावर उपाय म्हणून एक कमानदार चौकट वापरात आली. मूल तिच्या आत निजे, कमानीमुळे पांघरूण किंवा दाईचे अंग त्याच्यावर येत नसे आणि दाईला आडवे राहूनच पाजता यावे म्हणून बाजूच्या फळीला खाच ठेवलेली असे. १७३२च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या चौकटीचे वर्णन आले. फ्लॉरेन्समधील प्रत्येक दाईला ती वापरणे भाग आहे आणि न वापरणारीस ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले जाते, असे त्यात नमूद आहे. आईजवळ राहूनही बाळाची जागा वेगळी, हा विचार आजच्या बालरोगतज्ज्ञांचाही आहे. तो एका कॅथॉलिक शहरातील सुतारांच्या हाती पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी आला होता, याचे आम्हांस कौतुक वाटते.

स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पोलीस शल्यचिकित्सक डॉ. टेंपलमन यांनी १८९२ साली गुदमरून मेलेल्या २५८ बालकांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत शनिवारच्या रात्रीचे मृत्यू विलक्षण अधिक होते. शनिवारी मजुरी हाती पडे आणि दारूचे गुत्ते भरत. दारू, अरुंद खोली आणि एकच बिछाना या तिहींची सांगड त्यांनी घातली. आपल्याकडे शनिवारऐवजी बाजाराचा दिवस म्हटला की हे चित्र परके वाटत नाही.

आता आपल्या घरी येऊ. नगर जिल्ह्यात बाळाच्या झोपेची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. बाळंतिणीची अंधारी खोली, तिची बाज, बाजेखाली शेगडी, धुरीचा वास आणि तिच्या कुशीत बाळंत्यात गुंडाळलेले बाळ. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होई, बाराव्या-तेराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालून नाव ठेवीत. ज्यांच्या घरी लाकडी पाळणा नसे ते आढ्याला दोर बांधून जुन्या लुगड्याची झोळी करीत. अंगावर कुंची, डोक्याला टोपडे, खाली आजीच्या लुगड्यांची गोधडी. उशाशी लोखंडी विळा किंवा सुरी, मनगटाला काळा दोरा, गळ्यात वेखंडाचा तुकडा. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी. यांतील प्रत्येक वस्तूमागे बाळ जगावे हीच एक धडपड होती. कारण त्या काळी फार मुले जगत नसत.

जर्मन जेज्विट धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जिल्ह्यात आले, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच वास्तव होते. राहुरी तालुक्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू केला, त्या काळातील ख्रिस्ती घर म्हणजे बहुधा गावकुसाबाहेरचे एका खणाचे झोपडे. मूल जन्मताच शक्य तितक्या लवकर त्याचा स्नानसंस्कार करावा असा ख्रिस्तसभेचा आग्रह होता. आजचा कायदाही पहिल्या काही आठवड्यांतच तो व्हावा असे म्हणतो. या त्वरेमागे श्रद्धा आहेच, शिवाय इवल्या शवपेट्यांचा अनुभवही आहे. धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांना स्नानसंस्काराच्या पानावरील नाव थोड्याच दिवसांनी दफनाच्या पानावर भेटण्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

नव्या श्रद्धेबरोबर उशाशी असलेला विळा गेला, सटवाई गेली. काही घरांत त्या जागी पवित्र मरियेचे पदक आले, गळ्यातला काळा दोरा तसाच राहून त्यात पदक ओवले गेले, उशीखाली जपमाळ आली. या बदलाकडे आम्ही आदराने पाहतो. परंतु दोरा हा दोराच राहिला, आणि याविषयी पुढे थोडे स्पष्ट बोलावे लागणार आहे.

बाळाला शांत झोपविणारी एक वस्तू मात्र अशी होती की तिचे नाव घेताना आजही संकोच वाटतो. ती म्हणजे अफू. शेतावर, खाणीवर किंवा गिरणीत कामाला जाणारी आई मोहरीएवढी गोळी बाळाला चाटवी आणि बाळ दिवसभर निपचित पडून राही. मुंबईत तिला बाळगोळी हेच नाव होते. अफूच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी १८९३ साली नेमलेल्या शाही आयोगापुढे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या साक्षींत तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल सर्रास असल्याचे सांगण्यात आले. पुढे १९२०च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या पाहणीसाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. या स्त्रियांच्या शंभर बालकांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. या गिरण्यांत पुणे, सातारा, नगर या देशावरच्या जिल्ह्यांतूनही माणसे पोटासाठी गेलेली होती.

अफूने श्वास मंद होतो. बाळाचा श्वास मुळातच अनियमित. तो थोडा अडखळला तर जागे होऊन रडण्याची शक्ती हेच त्याचे संरक्षण. अफू नेमकी ती शक्ती काढून घेते. ‘बाळ किती शहाणे, रडतच नाही’ असे जिच्याविषयी म्हटले जाई ते बाळ कित्येकदा मृत्यूच्या उंबऱ्यावर असे. त्या आयांना आम्ही दोष देणार नाही. सांभाळायला घरी कोणी नव्हते, गिरणीत पाळणाघर नव्हते आणि एक दिवस खाडा झाला तर चूल पेटत नव्हती. स्वतंत्र भारताच्या शासनाने १९४९ साली अफू खाण्याची मोकळीक दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले आणि १९५९ पर्यंत ती बंद झाली. बाळगोळी गेली, परंतु बाळाला औषध पाजून झोपविण्याचा मोह गेलेला नाही. प्रवासात रडू नये म्हणून सर्दीचे गुंगी आणणारे औषध चमचाभर देणारे सुशिक्षित पालक आजही भेटतात. नाव बदलले, एवढेच.

कामाला जाणारी आई आणि झोळीतले बाळ हे चित्र तर आपल्या जिल्ह्यात अजून पुसलेले नाही. लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० साली सुरू झाले आणि जिल्ह्याचे रूप पालटले. त्या साखरेमागे पाथर्डी, शेवगावसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या ऊसतोडणीच्या टोळ्या आहेत. पहाटेच्या थंडीत कोयता चालतो आणि बाळ बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत किंवा कोपीत निजते. मऊ अस्वलाचा प्रश्न येथे उद्भवतच नाही. येथला प्रश्न असा, की झोळी खोल असेल तर कोवळी मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. दोराचा फास राहिला तर हालचालीत तो मानेशी येतो. झोळी टाकून द्या असे या आईला सांगणे सोपे आहे. पण तिला दुसरी जागा देणे हे कारखान्याचे, शासनाचे आणि आपल्या धर्मग्रामाचेही काम आहे. साप-विंचवाच्या रानात जमिनीवर ठेवण्यापेक्षा झोळी बरी, हा तिचा हिशेब खोटा नाही. झोळी उथळ, ताणून बांधलेली, कापड चेहऱ्यावर न येणारी आणि कोणाच्या तरी नजरेपुढची असावी, एवढे तरी तिला करता येते.

आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाचे एक पान येथे उघडले पाहिजे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९६०च्या दशकात नेवासे तालुक्यातील वडाळा मिशन रुग्णालयात काम करीत होते. बरी होऊन गेलेली मुले त्याच आजाराने पुन्हा परत येतात, हे पाहून रुग्णालयाच्या भिंतींबाहेर पडण्याचे त्यांनी ठरविले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली जामखेड येथे त्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी परिसरातील गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. पुढील दोन-अडीच दशकांत हे प्रमाण तिसांच्या खाली आले. हे काम मोठ्या यंत्रांनी केले नाही. ते गावातल्याच स्त्रियांनी केले. त्यांतील पुष्कळ निरक्षर, पुष्कळ दलित, काही टाकलेल्या. डोंगरावर टाकलेल्या या दगडांनी घराचा पाया घातला, असे म्हणावेसे वाटते. दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले.

बाळंतिणीच्या खोलीत शिरण्याचा मान डॉक्टरला नसतो, तो या शेजारणीला असतो. बाळाला उबदार कसे ठेवावे, स्वच्छ नाळ कशी कापावी, पहिले चिकाचे दूध का टाकू नये हे ती सांगे तेव्हा ते ऐकले जाई. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी याच वाटेने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत घडविली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यांच्या आरोग्यदूतांच्या पिशवीत कमी वजनाच्या बाळासाठी उबदार झोपपिशवी असे. ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सैल गोधडी चेहऱ्यावर येऊ शकते. अंगाला बसणारी पिशवी येत नाही आणि उबही देते. पाळण्यात काही नको हा पाश्चात्त्य नियम तेथल्या ऊब दिलेल्या घरांसाठी लिहिला गेला. पत्र्याच्या घरात, पौषाच्या थंडीत, दोन किलोच्या बाळाला तो जसाच्या तसा लावला तर बाळ गारठेल. नियमाचा हेतू राखून साधन आपल्या घरातले घ्यावे, हे या कामाने दाखविले. महाराष्ट्राचा बालमृत्युदर २०२० साली हजारी १६ होता. जामखेडच्या पहिल्या आकड्याशी तो ताडून पाहिला म्हणजे किती पाळणे रिते होण्यापासून वाचले याची कल्पना येते.

जगाच्या श्रीमंत भागात मात्र याच काळात एक उलटे नाट्य घडत होते. तेथे जंतुसंसर्ग आणि उपासमार यांनी मरणारी मुले वाचू लागली, तेव्हा धडधाकट बाळ रात्री झोपते आणि सकाळी उठत नाही, असे मृत्यू उठून दिसू लागले. त्याच सुमारास तेथील डॉक्टर बाळाला पालथे झोपवा असे सांगत होते. अमेरिकेचे विख्यात डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक घरोघर वाचले जाई. उताण्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरेल, या तर्काने त्यांनी १९५०च्या दशकात पालथ्या निजेची भलावण केली. तर्क सुबोध होता, पण तो कोणी तपासून पाहिला नव्हता. हॉलंडमध्ये १९७०च्या दशकात पालथे झोपविणे रूढ झाले आणि हे मृत्यू वाढले. १९८७ साली तेथे उलट सल्ला देण्यात आला तेव्हा ते घटले. न्यूझीलंडमधील मोठ्या अभ्यासानेही हेच दाखविले. ब्रिटनने १९९१ साली आणि अमेरिकेने १९९४ साली ‘बाळाला उताणे झोपवा’ अशी मोहीम काढली आणि अमेरिकेत असे मृत्यू काही वर्षांतच निम्म्याहून खाली आले. २००५ साली इंग्रज संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र मांडून पाहिले. १९७० सालापर्यंत हाती आलेला पुरावा वेळीच ध्यानात घेतला असता तर ब्रिटनमध्ये सुमारे १०,००० आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान ५०,००० बालके वाचली असती, असे त्यांचे अनुमान आहे.

या साऱ्या वर्षांत आपल्या आज्या बाळाला उताणेच निजवीत होत्या. पाळण्यात आणि झोळीत दुसरी तऱ्हा नव्हतीच, शिवाय डोके मागून गोल व्हावे ही हौस. तेल लावताना पायावर पालथे घेत, परंतु ते जागेपणी. कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण रीत बरोबर होती. मोहरीच्या उशीविषयी मात्र असे म्हणता येत नाही. बाळाला उशीची गरज नसते. मान त्यामुळे पुढे वाकते आणि उशी फाटली तर दाणे नाकातोंडाशी येतात. बाजेखालची शेगडीही अशीच. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत जळत्या कोळशाचा विषारी वायू कोंडतो आणि त्याला वास नसतो. शेक द्यावयाचा तर खिडकी उघडी ठेवून, आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. जुन्या रीतींतील कोणती राखावी व कोणती सोडावी, याचा निवाडा एका दमात करता येत नाही. प्रत्येक वस्तू हाती घेऊन पाहावी लागते.

कापडी अस्वल या इतिहासात सर्वांत उशिरा येते. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला, त्याचे व्यंगचित्र निघाले आणि त्यांच्या लाडक्या नावाचे ‘टेडी’ अस्वल दुकानांत आले. त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ यांच्या कारखान्यानेही असेच अस्वल काढले. पुढे लंडनचे बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डॉ. विनिकॉट यांनी १९५१ साली एक निबंध वाचला. चार महिन्यांपासून वर्षभराच्या वयात मूल एखादी चिंधी, दुपट्याचा कोपरा किंवा खेळणे आपले करते; आई जवळ नसताना ते आईची जागा भरून काढते आणि त्याच्या आधाराने मूल आईपासून हळूहळू वेगळे होण्यास शिकते, असे त्यांनी मांडले. यात विकृती नाही, वाढ आहे.

परंतु सर्वच मुलांना अशी वस्तू लागते काय? इटलीतील गाडिनी दांपत्याने १९७० साली एक मोलाची पाहणी प्रसिद्ध केली. खेड्यांतील मुलांपैकी शंभरात पाचच्या आसपास मुलांपाशी अशी वस्तू होती, रोम शहरातील मुलांत ३१ जणांपाशी, तर रोममध्ये राहणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या मुलांत ६० हून अधिक जणांपाशी. खेड्यातले मूल आईच्या अंगाशी झोपत होते. त्याला तिच्या जागी दुसरे काही नको होते. आमच्या आजोळी कोणत्याच मुलापाशी झोपेचे खेळणे नव्हते याचा उलगडा यातून होतो. त्यांच्यापाशी आजीच्या लुगड्याचा पदर होता, आणि त्या पदरात आजी होती. आज श्रीरामपूर, संगमनेर, राहुरीची मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेली, तेथे दोन खोल्यांत आजी नाही, आई कामावर जाते, आणि बाळाला लवकर एकटे झोपण्याची सवय लावावी लागते. अस्वल त्या रिकाम्या जागेत येऊन बसले आहे. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही.

अर्थ आहे तो वयाकडे पाहण्यात. झोपेतील अकस्मात मृत्यूंपैकी बहुतांश पहिल्या सहा महिन्यांत घडतात आणि दुसरा ते चौथा महिना सर्वांत नाजूक असतो. या वयात बाळ खेळण्यावर प्रेम करीत नाही. त्याला ते ओळखतच नाही. विनिकॉट यांनी वर्णिलेली ओढ नंतर येते. म्हणजे ज्या महिन्यांत मऊ खेळणे धोक्याचे, त्या महिन्यांत ते बाळाच्या उपयोगाचेही नसते. ते असते आपल्या हौसेसाठी. नाकावर आलेले अस्वल दूर सारण्याइतके बळ तीन महिन्यांच्या हातांत नसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली आपल्या सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या, त्यांत मऊ खेळणी, उशा, रजया, कडांच्या गाद्या, वजन भरलेले दुपटे हे सारे झोपेच्या जागेतून वगळण्यास सांगितले आहे. सपाट, घट्ट गादी, त्यावर ताणून बसविलेली चादर आणि उताणे बाळ, एवढेच. आईचे दूध हेही संरक्षण आहे, आणि बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या जागी निजावे अशी त्यांची शिफारस आहे.

कुशीत घ्यावे की नाही, याबद्दल मात्र आमच्या वाचकांस प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की वैद्यकीय मतांत छटा आहेत. अमेरिकन तज्ज्ञ नको म्हणतात. ब्रिटनमधील सल्ल्याचा रोख कोणत्या स्थितीत मुळीच नको यावर आहे. आईने किंवा वडिलांनी दारू वा गुंगीचे औषध घेतलेले असल्यास, त्यांपैकी कोणी धूम्रपान करीत असल्यास, बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले किंवा कमी वजनाचे असल्यास, आणि सोफ्यावर तर कधीही नाही. आपल्याकडे यांत मिश्रीची भर घालावी लागेल. गरोदरपणी तंबाखू कोणत्याही रूपाने गेली तरी बाळाचे वजन घटते, आणि कमी वजनाचे बाळच या धोक्यात अधिक असते. सतरंजीवर, जमिनीवर, सारे घर ओळीने निजते तेथे बाळाची जागा आईच्या एका बाजूस, कडेला असावी. आई आणि बाप यांच्या मधोमध नको, थोरल्या भावंडाशेजारी नको. त्याचे पांघरूण वेगळे असावे आणि आईची गोधडी तिच्या कमरेपर्यंतच असावी. फ्लॉरेन्सची चौकट आज कोणी करून देणार नाही, पण आईच्या हाताच्या अंतरावर ठेवलेली उथळ लाकडी पेटी किंवा कठीण बुडाची टोपली तेच काम करते.

राहिली गोष्ट पदकाची. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत सप्टेंबरमध्ये लाखो भाविक येतात आणि पदके, जपमाळा, क्रूस विकणाऱ्या दुकानांपुढे तान्ह्या मुलांच्या आया थांबतात. तेथून आणलेले पदक दोऱ्यात ओवून बाळाच्या गळ्यात घालणे ही भक्ती आहे, यात शंका नाही. पण झोपेत दोरा पाळण्याच्या खिळ्यात किंवा बाळाच्याच मुठीत अडकला तर गळा आवळण्यास फार जोर लागत नाही, आणि सुटलेले पदक घशात बसते. काळ्या दोऱ्याला आणि वेखंडाला जे लागू, ते जपमाळेलाही लागू. आशीर्वाद वस्तूच्या स्पर्शावर अवलंबून नसतो, हे आपली ख्रिस्तसभा शिकवीत आली आहे. पदक पाळण्याच्या वरच्या भिंतीवर, बाळाच्या हाती न लागेल असे टांगावे, किंवा आईने आपल्या गळ्यात घालावे. रात्री क्रूसाची खूण कपाळावर बोटाने करावी. तिला दोरा लागत नाही.

स्नानसंस्काराला जाताना भेट काय न्यावी, असे आम्हांस कोणी विचारले तर अंगाला बसणारी सुती झोपपिशवी किंवा दोन चांगल्या, ताणून बसणाऱ्या चादरी असे उत्तर आम्ही देऊ. अस्वल न्यावयाचेच असेल तर ते फळीवर ठेवण्यास सांगावे. पहिल्या वाढदिवसानंतर ते खाली उतरावे. तेव्हा सुद्धा ते लहान असावे, त्याची शिवण पक्की असावी, पोटात मणी वा दाणे नसावेत, गळ्यात रिबन नसावी. आणि आजीने जुन्या लुगड्याची चिंधी-बाहुली शिवून दिली तर सर्वांत उत्तम. डोळ्यांना बटणे न लावता ते काळ्या दोऱ्याने भरावेत.